बसतंय ना? मग झालं!

या चार शब्दांवर आम्हा प्रोग्रामर लोकांचं अर्धं आयुष्य चालतं. कोड कंपाइल झाला? मग झालं. गेल्या महिन्यात हाच मंत्र घेऊन मी गाडीखाली आडवा झालो आणि तोंडावर आपटलो. (आडवं होऊनही तोंडावर आपटता येतं, हो!)

गाडी बीएमडब्ल्यूची झेड-३, १९९९ची, २.८ लिटरची. तिच्या मागच्या डिफरन्शियलच्या जागी क्लच-प्लेटवालं लिमिटेड स्लिप घातलं. वळणावर आतलं चाक हलकं होऊन नुसतंच गरगरायला लागलं, तरी हे बाहेरच्या चाकाला जोर पोचवतं. केस तीच, १८८ मिमीवाली. म्हणजे जुन्याचे दोन्ही फ्लँज उपसून नव्यात बसवायचे आणि हाफशाफ्ट त्यांना सहा-सहा बोल्टांनी जोडायचे. दाते जुळले, भोकं जुळली. शेजारी रेडिओ जोरात चालू. रबरी हातोडीचे दोन ठोके, मग झालं!

कसलं झालं. पुढच्या शनिवारी लेकीला शेजारी बसवून निघालो. चाळीसेक मैलांवर गिअर ऑइलचा तो गंधकासारखा वास. वाकून बघतो तर डावा फ्लँज बाहेर सरकलेला आणि टायर आतून तेलानं माखलेला. त्याच टायरच्या भरवशावर मी तिला हायवेवर पळवत होतो! टो ट्रक येईपर्यंत ती एवढंच म्हणाली, "बाबा, तू चेक नव्हतं केलंस?"

म्हणून माझं भांडण 'प्लग अँड प्ले' या शब्दाशी आहे. भोकं जुळणं म्हणजे सुटं भाग जुळणं नव्हे. फ्लँज आत धरून ठेवते ती तारेची एक फुटकळ क्लिप. ती खाचेत 'टक्' करून बसली पाहिजे, आणि मग हातानं ओढून फ्लँज बाहेर येता कामा नये. जुनी क्लिप परत वापरायची नाही. ऑइल सीलची कड फ्लँजच्या गुळगुळीत मानेवर घासते. मानेवर नख फिरवा, अडकलं तर नवं सीलही गळणार. सील कोरडं ठेवून फ्लँज ढकलला तर कड दुमडते. दीड हजार डॉलरचं डिफरन्शियल घ्यायचं आणि पंधरा डॉलरच्या सीलवर काटकसर करायची, याला हौस म्हणत नाहीत, वेडेपणा म्हणतात.

यावर उत्तर ठरलेलं: "गॅरेजवाले वर्षानुवर्षं हातोडीनंच बसवतात की!" बसवतात ना. पण त्यांचा कान त्या 'टक्'वर असतो. आपण त्यांची हातोडी तेवढी उचलतो, आणि वर त्याला 'जुगाड' म्हणून मिरवतो.

असो. आता क्लिपा नव्या, सील नवी, दोन्ही बाजूंचा 'टक्' स्वतःच्या कानांनी ऐकला. तुम्ही कधी बसवाल तेव्हा एकच करा. आधी रेडिओ बंद करा.