साइटवर बघून घेतील

ड्रॉइंग काढणाऱ्या ऑफिसात एक वाक्य दिवसातून चारदा तरी कानावर येतं : ‘साइटवर बघून घेतील.’ जिन्यात डोकं बीमला आपटतंय, बाथरूमचा पाइप नेमका बीमच्या पोटातून जातोय, सळया एकमेकींवर चढतायत. तेवढ्यात क्लायंटचा फोन येतो, प्रिंट आजच हवी असते, आणि कुणीतरी म्हणतं, जाऊ दे, साइटवर बघून घेतील. या वाक्यातला बघून घेणारा मी 17 वर्षं होतो.

मी स्टील फिटर. सळई कापायची, वाकवायची, बांधायची. गाव औसा तालुक्यातलं. 1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. आमची दगडमातीची भिंत बाहेरच्या अंगाला पडली म्हणून आम्ही आहोत. पुढे पुनर्वसनाची घरं उठायला लागली आणि वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, शेतातली मजुरी सोडून गवंड्याच्या हाताखाली काम धरलं. सळईला चुकून पाय लागला तर अण्णा हात लावून नमस्कार करायचे. लोक हसायचे. 2002 मध्ये बारावीला माझा इंग्रजीचा पेपर राहिला आणि मी पुण्यात मामाच्या टोळीत दाखल झालो.

2019 मध्ये एका साइटवर कडेचा बीम बांधताना परांचीची फळी सरकली. पडलो दहाच फुटांवरून, पण कमरेचा एक मणका दबला. डॉक्टर म्हणाले, पाच किलोच्या वर उचलायचं नाही. 20 एमएमची 12 मीटरची एक सळई जवळजवळ 30 किलो भरते. माझा हिशेब तिथंच मिटला.

ठेकेदार वाईट नव्हता. हॉस्पिटलचं निम्मं बिल त्यानं भरलं आणि म्हणाला, गेटवर बस, गाड्यांचं रजिस्टर लिही. पडलेल्या माणसाला वॉचमन करायचं, ही आमच्या धंद्यातली रीतच आहे. पुण्यात नव्या इमारतीच्या गेटवर खुर्चीत बसलेला चाळिशीचा माणूस दिसला तर त्याचे हात बघा. तर्जनीच्या कडेला बाइंडिंग वायरचे काळे चरे असतील, तर तो वॉचमन नाही. तो कुणाचा तरी गमावलेला फिटर आहे.

मी खुर्चीत बसलो आणि गंमत अशी, की साइटवरचा पोरगेला इंजिनिअर ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन माझ्याकडे यायला लागला. ‘दादा, हे बसेल का हो?’ मी विटेच्या तुकड्यानं कोब्यावर काढून दाखवायचो. एक दिवस तो म्हणाला, ‘तुम्ही हेच कॉम्प्युटरवर काढायला शिका ना.’ त्यानं सहज म्हटलं. मला रात्रभर झोप नाही.

क्लासची फी बायकोच्या भिशीतून भरली. वर्गात मी सोडून सगळे विशीतले. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या. त्या मला काका म्हणायच्या, मी त्यांना मॅडम. पहिला आठवडा माउसशी मारामारीत गेला. बोटांना इतके घट्टे की डबल क्लिक लागायचंच नाही. एक दाब लागे, दुसरा लागेपर्यंत वेळ निघून जाई. कमांड मात्र पटापट पाठ झाल्या. ऑफसेट म्हणजे दोरी तेवढ्याच अंतरावर सरकवायची, ट्रिम म्हणजे कटर लावायचा. बारावीच्या इंग्रजीत हे असतं तर पास झालो असतो.

एकदा बीमचा छेद काढायला दिला. सगळ्यांनी तयार ब्लॉक उचलून टाकला. माझ्या स्क्रीनवरच्या रिंगचे, म्हणजे सळयांना वेढून बांधणाऱ्या कड्याचे, आकडे काटकोनात वळलेले होते. मी म्हटलं, मॅडम, हे चालणार नाही, आकडा 135 अंशात आत वळला पाहिजे. त्या म्हणाल्या, काका, तो रेडीमेड आहे, राहू द्या. भूकंपात कॉलम-बीम हलायला लागले की वरचं काँक्रीट आधी गळून पडतं; मग काटकोनातला आकडा उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. आत वळवलेला आकडा काँक्रीटच्या गाभ्यात रुतून राहतो. भारतीय मानकांत हे लिहिलेलं आहे, आयएस 13920 मध्ये. मला ते आधी मामाच्या शिव्यांतून कळलं, मानक खूप नंतर पाहिलं. त्या दिवशी मॅडमनी माझ्याकडून आकडा समजून घेतला आणि ब्लॉक बदलला. शिकवणाऱ्यानं असं करायला मन मोठं लागतं.

आता मुद्द्यावर येतो. स्क्रीनवरच्या रेघेला जाडी नसते, सळईला असते. क्लासनंतर मी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, तिथं एका कामात 230 एमएम रुंदीचा बीम होता, त्यात खालच्या थरात 20 च्या पाच सळया दाखवलेल्या. ड्रॉइंगमध्ये पाच ठिपके छान ओळीत बसले होते. मी कागदावर हिशेब केला. दोन्ही बाजूंचं कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, 25-25, रिंगची जाडी 8-8, उरले 164. त्यातून सळयांचे 100 गेले. 64 एमएममध्ये चार फटी, म्हणजे एकेक फट 16 ची. खडी 20 एमएमची! ती त्या फटीतून खाली जाणार कशी? शिवाय 20 ची म्हणतात ती सळई वरच्या कडांसकट बावीसच्या आसपास भरते, आणि कॉलमच्या तोंडाशी आडव्या बीमच्या सळयाही येऊन भिडतात. मी ऑफिसातल्या इंजिनिअर साहेबांना म्हटलं, खाली तीन, वरच्या थरात दोन करू. त्यांनी सगळं गणित पुन्हा केलं, कारण थर वर सरकला की बीमची ताकद थोडी बदलते, आणि मग होकार दिला.

हे कुणी पाहिलं नसतं तर काय झालं असतं, तेही सांगतो, कारण मी ते कितीतरी वेळा केलंय. स्लॅब भरायचा दिवस असतो, मिक्सरच्या गाड्या रांगेत उभ्या. व्हायब्रेटरची नळी फटीत शिरत नाही. मुकादम ओरडतो, घे पुढं. फिटर पहारीनं सळया ढकलून एका बाजूला चिकटवतो. काँक्रीट वरचेवर बसतं. फळ्या काढल्यावर बीमच्या पोटाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. संध्याकाळपर्यंत गवंडी त्यावर सिमेंटचा हात मारतो आणि बीम गुळगुळीत होतो. ‘साइटवर बघून घेतलं’ म्हणजे हे.

म्हणून माझं म्हणणं आहे, की जायबंदी झालेल्या कारागिराला गेटवर बसवणं ही दया नसून उधळपट्टी आहे. त्याच्या डोक्यात जे आहे ते आयटीआयच्या दोन वर्षांत येत नाही, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतही सहसा येत नाही. 1996 च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर लावला, तो कामगारांच्या कल्याणासाठीच आहे. राज्याच्या बांधकाम कामगार मंडळातून माझ्या घरी भांड्यांचा संच आला, त्यातला कुकर रोज वापरात आहे. नावं ठेवायची नाहीत. मंडळाकडून कामगाराच्या मुलांना एमएस-सीआयटीच्या फीचे पैसे मिळतात. तशीच पडलेल्या बापाच्या ड्राफ्टिंगची फी द्या, आणि शिकण्याच्या सहा महिन्यांत घर चालेल एवढी रक्कम द्या. फीपेक्षा ही दुसरी गोष्ट महत्त्वाची. आमच्यातले बहुतेक लोक फीला घाबरत नाहीत, बिनपगारी सहा महिन्यांना घाबरतात.

सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणणार नाही. ज्याला ड्रॉइंग वाचता येतं त्यालाच काढायला शिकवण्यात अर्थ आहे, आणि टोळीत असे दहात दोन-तीन असतात. पैसाही लगेच येत नाही. पडलो तेव्हा माझी हजेरी 850 होती. ड्राफ्ट्समन म्हणून पहिला पगार महिन्याला 11 हजार. ते सांगायला गावी फोन केला तेव्हा अण्णा बराच वेळ गप्प होते. आणि कमरेचं म्हणाल, तर दिवसभर बसणं हे उभं राहण्यापेक्षा वाईट आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी दोन हलक्या ब्लॉकवर शटरिंगचा प्लायचा तुकडा टाकून मॉनिटर वर घेतला, आता निम्मा दिवस उभ्यानं काम करतो. नवी सॉफ्टवेअरं सळयांचा तक्ता आपोआप काढतात, तेव्हा हे काम किती वर्षं राहील अशीही शंका पोरं घेतात. राहील तेवढं राहील. तक्ता आपोआप निघाला तरी पहार घेऊन कोण उभं आहे, हे त्या सॉफ्टवेअरला कुठं माहीत असतं.

गेल्या महिन्यात संध्याकाळी सातला एका फिटरचा फोन आला. आवाज चढलेला. ‘हे ड्रॉइंग काढणाऱ्यानं जन्मात कधी सळई हातात धरलीय का?’ कॉलमच्या 120 रिंगा त्यानं माझ्या मापानं वाकवल्या होत्या आणि 40 चे कव्हर ब्लॉक लावल्यावर शटर बंदच होईना. मी फाइल उघडली. कॉलमला कव्हर 40 चं धरायचं, मी बीमचं 25 चं धरलं होतं. प्रत्येक रिंग दोन्ही मापांत 30 एमएम मोठी.

म्हटलं, ‘चूक माझी आहे दादा. रिंगा फेकू नको, वाकवून बघू. सकाळी मी येतो. कितव्या मजल्यावर आहात?’

‘चौथ्या. लिफ्ट नाही हां अजून.’