नशा आणि अपघात : निबंध आधीच लिहू या



१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा १७ वर्षांचा मुलगा दारू प्यायला होता, असं पोलिसांचं म्हणणं. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. लोक संतापले, ते बरोबरच होतं. पण हा निबंध प्रत्येक मुलाने लिहायला हवा. अपघाताच्या आधी, शाळेत.

त्यात काय असावं? आधी एक गणित. ताशी ६० किमी वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. दारू असो की गांजा, मेंदू मंदावतो आणि ब्रेकवर पाय उशिरा पडतो. हे १७ मीटर मुलांना मैदानावर टेपने मोजायला लावा. उपदेशाची गरज उरणार नाही.

दुसरी गोष्ट मोठ्यांसाठी. पिऊन पडलेल्याला आपण ‘चढलीय, झोपू द्या’ म्हणून सोडून देतो. पण डोक्याला मार लागला तरी जीभ अडखळते, उलटी होते, गुंगी येते. नशेच्या आड मेंदूतला रक्तस्राव लपून राहतो. तेव्हा वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

कायद्यात १०० मिली रक्तामागे ३० मिग्रॅ ही मर्यादा आहे. घरात मात्र ‘थोडीशीच घेतली’ म्हणत बाबा चावी उचलतात, आणि मूल बघत असतं. निबंध शाळेत लिहून घेऊ. पण तो खरा ठरवणं घराच्या हातात आहे.