एका तारकेची दुरुस्ती

लिनक्स या संचालन प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, प्रत्येक आवृत्तीगणिक दहा हजारांहून अधिक बदल होतात. त्यांपैकी काही बदलांमुळे यंत्राच्या वागण्यात तिळमात्र फरक पडत नाही. कुठे एक कोरी ओळ घातलेली असते, कुठे ओळीचा समास आत सरकवलेला असतो, तर कुठे एक तारका खोडलेली असते. दस्तऐवजीकरणाच्या मांडणीतील दोषांबद्दल यंत्र जे इशारे देते, ते दूर करण्याचे हे काम. ते बहुधा नवशिक्यांकडे सोपवण्याजोगे समजले जाते. आम्ही मराठीचे अध्यापक. संगणकशास्त्रात आमचा अधिकार नाही. परंतु पाठचिकित्सेच्या तासाला ज्या प्रश्नांशी आमची गाठ पडते, ते येथे जसेच्या तसे उभे राहतात, आणि म्हणून हे काम हलके मानण्यास आमची हरकत आहे.

या कामाचे स्वरूप आधी पाहू. कर्नलची संहिता मुख्यतः सी भाषेत आहे आणि तिच्यातच माणसांसाठी टिपा लिहिलेल्या असतात. साधी टीप तिरकी रेघ आणि एका तारकेने सुरू होते. रेघेनंतर दोन तारका आल्या की ती औपचारिक टीप ठरते. ‘कर्नल-डॉक’ हे साधन ती उचलते आणि तिच्यापासून वाचनीय पाने तयार होतात. अशा टिपेत फंक्शनच्या प्रत्येक पॅरामीटरचे नाव आणि त्याचा अर्थ द्यावा लागतो. पुढे कोणी फंक्शनमध्ये एक पॅरामीटर वाढवतो आणि टीप तशीच राहते. मग इशारा येतो: याचे वर्णन नाही. पॅरामीटर काढून टाकला आणि वर्णन मागे उरले, तरीही इशारा येतो. कधी लेखकाने साध्या टिपेलाच सवयीने दोन तारका दिलेल्या असतात. तेथे एक तारका खोडणे एवढीच दुरुस्ती.

तारकेची आणखी एक गंमत आहे. सी भाषेत ती पॉइंटरची खूण, तर मांडणीच्या भाषेत तिरप्या ठशाची सुरुवात. लेखक पॉइंटरचे नाव तारकेसह लिहितो आणि यंत्र ठसा संपवणारी दुसरी तारका शोधत बसते. एकाच चिन्हाला दोन भाषांत दोन अर्थ असल्यावर वाचनाचे काय होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

या घोटाळ्यांपैकी अनेकांचे मूळ 2016 साली 4.8 या आवृत्तीत झालेल्या स्थित्यंतरात आहे. त्या वर्षी डॉकबुक ही जुनी पद्धत सोडून स्फिंक्स ही प्रणाली स्वीकारण्यास आरंभ झाला. तोपर्यंतचे कितीतरी मजकूर मानवी डोळ्यासाठी, रिकाम्या जागा मोजून, हाताने रचलेले होते. डोळ्याला ती यादी यादीच दिसे. यंत्राला मात्र आधी कोरी ओळ हवी होती, म्हणून छापील पानावर तीच यादी परिच्छेदात विरघळून गेली. सर्वच इशारे इतके अर्थपूर्ण असतात असे नाही. शीर्षकाखालची रेघ आखूड पडली म्हणून येणारी तक्रार ही निव्वळ शिस्तप्रियता होय.

खरा धोका इशारा बंद करण्याच्या घाईत आहे. वर्णन आहे की नाही एवढेच यंत्र तपासते, ते खरे आहे की नाही हे तपासत नाही. ‘डेव्ह’ नावाच्या पॅरामीटरपुढे ‘डिव्हाइस’ असे लिहिले की यंत्र गप्प बसते. वाचकाच्या पदरी मात्र काहीच पडत नाही, उलट येथे काही उणे आहे ही खूणही पुसली जाते. आता तर भाषेची प्रारूपे असे सफाईदार वर्णन क्षणात लिहून देतात. कर्नलच्या मार्गदर्शिकेची भूमिका आम्हांला येथे मोलाची वाटते. इशाऱ्यांचा ढीग साचला की नवा इशारा कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून ते दूर करण्याला ती अग्रक्रम देते. पण दुरुस्तीच्या शीर्षकात ‘इशारा घालवला’ असे न म्हणता मूळ दोष कोणता होता ते सांगावे, असेही सुचवते. ते सांगायचे तर फंक्शन वाचावे लागते, ते कोठून कोठून हाकारले जाते ते पाहावे लागते, पॅरामीटर कोणी, केव्हा, कशासाठी वाढवला याचा इतिहास चाळावा लागतो.

एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यात कोणी आपली ओवी मिसळू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. गाळलेली जागा आपल्या कल्पनेने भरण्याचा मोह संपादकाला किती अनावर होतो, हे त्यांना ठाऊक असणार. कर्नलच्या टिपेत अर्थ न समजता घातलेले वर्णन त्याच जातीचे.

औपचारिक टिपेत ‘संदर्भ’ नावाचा एक ऐच्छिक भाग असतो. हे फंक्शन चालू असताना थांबून राहू शकते काय, ते हाकारण्यापूर्वी कोणते कुलूप हाती असले पाहिजे, हे तेथे सांगायचे असते. ते न कळल्यामुळे यंत्र जागच्या जागी अडकून पडू शकते. हा भाग लिहिलेला नसला तर कोणताही इशारा येत नाही. तो भरायचा की नाही, हे टीप दुरुस्त करणाऱ्यानेच ठरवायचे असते.