‘भाषा शिकायची आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे

‘यांना आमची भाषा शिकायचीच नसते.’ युरोपात स्थलांतरितांवर, त्यातही मुस्लिमांवर, हा आरोप नेहमी होतो. पुरावा म्हणून सर्वेक्षणांचे आकडे दाखवले जातात. माझे म्हणणे असे की, आकड्यांवर वाद घालण्याआधी प्रश्न कसा विचारला होता ते तपासावे.

झुरिकचेच पाहा. तिथे पुस्तके, वर्तमानपत्रे आणि सरकारी पत्रे प्रमाण जर्मनमध्ये असतात. पण घरात, बाजारात, कामावर सगळे स्विस जर्मन बोलतात. अशा स्थितीला चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली ‘डायग्लोसिया’ म्हटले. त्यांच्या चार उदाहरणांत स्विस जर्मनबरोबर अरबीही होती.

कोसोवो किंवा तुर्कस्तानातून आलेला कामगार वर्गात प्रमाण जर्मन शिकतो. जेवणाच्या सुट्टीत मात्र सहकाऱ्यांच्या गप्पा त्याला कळत नाहीत. समोर परका दिसला की अनेक जण प्रमाण जर्मनकडे वळतात. हेतू मदतीचा असतो, पण बोली त्याच्या कानावर पडायची राहते. अशा माणसाला ‘जर्मन शिकायला आवडते का?’ असे विचारून एक ते पाच गुण द्यायला सांगितले, तर त्याच्या ‘तीन’चा अर्थ काय लावायचा?

कॅनडात गार्डनर आणि लॅम्बर्ट यांनी भाषा शिकण्यामागच्या दोन प्रेरणा वेगळ्या केल्या: व्यावहारिक फायदा आणि त्या समाजात मिसळण्याची इच्छा. झुरिकमध्ये पहिली प्रेरणा प्रमाणभाषेकडे नेते, दुसरी बोलीकडे. दोन्हींची सरासरी काढली की दोन्ही हरवतात. शिवाय ज्याच्या कागदपत्रांचा निर्णय व्हायचा आहे, तो मनातले खरे सांगेलच असे नाही.

आपल्याला हे परके नाही. कोकणातून आखातात गेलेल्या आपल्या माणसांनी लहानपणापासून कुरआन वाचलेले असते, पण दुकानातली अरबी वेगळीच निघते. ‘अरबी शिकायची आहे का?’ असे विचारले तर श्रद्धेपोटी ‘हो’च येणार. त्यावरून शेजाऱ्याशी बोलण्याची इच्छा कशी मोजणार?

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण समाजशास्त्र, समाजकार्य शिकत आहात. उद्या प्रश्नावली तुम्हीच तयार कराल. तेव्हा विचारा: भाषेचे कोणते रूप शिकायचे आहे? कोणाशी बोलायला? आणि तुम्ही बोललात तर समोरचा त्याच रूपात उत्तर देतो का? हाच प्रश्न स्थानिकांनाही विचारा. ‘तुम्ही यांच्याशी तुमच्या बोलीत बोलता का?’ हे न विचारता स्थलांतरितांवर अनिच्छेचा शिक्का मारणे, हा अन्याय आहे.