बिअरला मंडप, ताडीला पहारा

मित्रांसमवेत बिअर महोत्सवात संध्याकाळ घालवणे ही आता प्रतिष्ठित करमणूक झाली आहे. तीबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु बोळिंज-वसईच्या किनारपट्टीत माडा-ताडावर चढून रस काढणाऱ्या भंडारी श्रमिकाला ही प्रतिष्ठा कधी लाभली? १८७८ च्या अबकारी कायद्याने ब्रिटिशांनी झाडागणिक कराचा बोजा वाढवला व दारूचे मक्ते धनिकांच्या हाती दिले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्याविना ताडी काढणे गुन्हा ठरले. व्यसनाने घरे बिअरनेही उद्ध्वस्त होतात आणि ताडीनेही. मग नीतीचा निकष पिणाऱ्याच्या खिशावरून का ठरावा? व्यसनमुक्तीसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी पाड्यावर जाण्यापूर्वी हा प्रश्न महोत्सवाच्या दाराशी उभे राहून विचारला पाहिजे.