निबंधाची वही : मासा आनंदात असतो का?

मैत्रिणींनो, ‘पाण्याखालचे जग’ हा निबंध आला की आपण पटकन सांगतो, “लिही, रंगीबेरंगी मासे आनंदाने पोहतात.” आनंदाने? हे आपल्याला कसं हो कळलं! त्यापेक्षा शेजारीपाजारी कुणाकडे माशांची काचेची टाकी असेल, तर मुलाला तिच्यासमोर दहा मिनिटं बसवा. दिसेल तेवढंच लिहू दे. तोंड सारखं उघडतं-मिटतं, गालाजवळची झापडं हलतात. मग माहिती जोडा : तोंडातून आत गेलेल्या पाण्यातला प्राणवायू कल्ले घेतात आणि पाणी झापडांखालून बाहेर पडतं.

माझ्या मुलीनं एकदा लिहिलं होतं, “मासा उघड्या डोळ्यांनी झोपतो.” कल्पनाच म्हणून मी ते खोडलं. बहुतेक माशांना पापण्याच नसतात, हे मला नंतर कळलं.