घरबसल्या कोण बसलंय?

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते, मग वाद घालते.

काही वर्षांपूर्वी अमरावतीत आमच्या गटानं वस्तीतल्या बायकांसाठी तीन दिवसांचं शिबिर घेतलं. विषय होता, घरच्या शिलाई मशीनवर रेक्झिनचा पाऊच शिवणं. शाळेतली मुलं पेन-पेन्सिल ठेवतात तो. फलक आम्हीच रंगवला होता : ‘घरबसल्या कमवा’. शिकवायला मी होते. बायकांनी हौसेनं शिकून घेतलं, शेवटच्या दिवशी टाळ्या झाल्या, फोटो निघाले. भाव कोण ठरवणार, हा प्रश्न त्या तीन दिवसांत एकदाही निघाला नाही. तो मीही काढला नाही. हा लेख त्या चुकीबद्दल आहे.

पाऊच शिवायला सोपा, असं आपण म्हणतो. साडेनऊ बाय सव्वाचार इंचाचे दोन तुकडे, मध्ये एक चेन, तीन बाजूंना शिलाई, की झालं. पण हातानं करून बघितलं की कळतं. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर. त्याला सुईचं छिद्र पडलं की ते बुजत नाही. ब्लाउजची शिवण उसवून पुन्हा घालता येते, इथे चुकलेली शिवण कायमची दिसते. टाचण्या लावता येत नाहीत, म्हणून कपड्यांचे चिमटे लावायचे. इस्त्री फिरवता येत नाही, शिवण बोटानं दाबून बसवायची. टाका मोठा ठेवायचा, कारण बारीक टाके घातले तर छिद्रं जवळजवळ येऊन रेक्झिन त्याच रेषेत फाटतं. सुई सोळा-अठरा नंबरची लागते. मशीनचा दाब रेक्झिनला चिकटतो, म्हणून पावडर लावायची किंवा खाली-वर कागद धरायचा. आणि कडा शिवण्याआधी चेन अर्धी उघडायची विसरलात, तर पाऊच सुलटा करताच येत नाही!

कापण्यातही अक्कल लागते. रेक्झिनचा पन्हा ५४ इंचांचा. एका मीटरमध्ये तुकडे एका बाजूनं मांडले तर ४५ बसतात, म्हणजे २२ पाऊच. तेच आडवे फिरवून मांडले तर ४८ बसतात, म्हणजे २४ पाऊच. आमच्यातल्या सातवी शिकलेल्या एका बाईनं हे जमिनीवर खडूनं आखून पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं. मीटरमागे दोन पाऊच वाचले. ते कोणाचे झाले? माल देणाऱ्या व्यापाऱ्याचे. तिला एका पैशाचाही फायदा झाला नाही. कारखान्यात याला कौशल्य म्हणतात. आपल्याकडे म्हणतात, ‘बायकांना काटकसर उपजतच असते’.

आता हिशेब. व्यापारी रेक्झिन, चेन आणि रनर देत होता. मशीन, सुई, दोरा, तेल, दिवा आणि जागा बाईची. नगाला तीन रुपये. सरावलेल्या हाताला कापण्यापासून दोरे छाटण्यापर्यंत एका पाऊचला बारा मिनिटं लागतात. हे मी घड्याळ लावून मोजलं आहे. तासाला पाच नग, म्हणजे पंधरा रुपये. आठ तास मान वर न करता बसली तर एकशेवीस. त्यातून दोरा-सुई वजा करा. बिघडलेल्या नगाचं रेक्झिन तिच्याच मजुरीतून कापलं जायचं, तेही वजा करा.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. वऱ्हाडातल्या आपल्या बायकांना रोजगार हमी नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात ती सुरू झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या कामावरही मजुरी मोजमापानंच मिळायची, किती माती खणली त्यावर. पण तिथला दर ठरवण्याची एक रीत होती : सरासरी माणूस दिवसभर राबून किमान मजुरी मिळवील, असा दर असला पाहिजे. हीच रीत पाऊचला लावा. दिवसाला चाळीस नग, २९७ रुपये, म्हणजे नगाला जवळजवळ साडेसात रुपये. दोरा-सुई वेगळी. खड्डा खणणाऱ्या बाईला जे गणित लागू आहे, ते मशीनवर बसलेल्या बाईला का नाही?

उत्तर त्या आमच्या फलकावर होतं. ‘घरबसल्या’!

हा एक शब्द सगळं गिळून टाकतो. घरी बसलेली म्हणजे रिकामी, आणि रिकामी म्हणजे मिळेल ते फुकटातलंच. व्यापारी मला तोंडावर म्हणाला, “ताई, त्यायचं काय जाते? घरातच तं बसल्या असतात.” त्यानं बायकांना कधी कामगार म्हटलं नाही, नेहमी ताई म्हटलं. आणि त्यानं ताई म्हटलं म्हणून बायकांनी त्याला मालक न म्हणता भाऊ म्हटलं. भावाकडे कोणी भाववाढ मागतं का?

तरी त्यांनी मागितली. नगामागे आठ आणे वाढवा, एवढंच. पुढच्या आठवड्यात गठ्ठे आले नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं, माल अकोल्याला जातो आहे, तिथल्या एका वस्तीत, पावणेतीन रुपयांनी. मी अकोल्याला गेले. तिथल्या बायका म्हणाल्या, आम्हाला सांगितलं की अमरावतीच्या बायका अडीचमध्येच करतात. शंभर किलोमीटरच्या अंतरावर, एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या दोन वस्त्यांना त्यानं एकमेकींच्या नावानं धाक दाखवला. आणि आम्ही दोन्ही गावांत शिबिरं घेऊन त्याला शिकलेले हात पुरवत होतो!

परत आल्यावर एक जण मला म्हणाली, “बाई, तुमीच तं शिकवलं आमाले. आता भाव बी तुमीच सांगा.” त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्यातल्याच काही जणी म्हणतील, थोडं का होईना, बाईच्या हातात पैसा येतो ना? येतो, आणि तो मी हलका लेखत नाही. स्वतःच्या पैशानं पोरीची फी भरणाऱ्या बाईचा चेहरा मी पाहिला आहे. पण विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून या कामाचा हंगाम एप्रिल-मे-जून. अकोल्याच्या उन्हात पत्र्याखाली रेक्झिन मऊ पडून चिकटतं, चिकटवायच्या सोल्युशनच्या वासानं डोकं धरतं, आणि गठ्ठा वेळेत द्यायचा म्हणून दोरे छाटायला कोण बसतं? सातवीतली पोरगी. दुसऱ्यांच्या मुलांच्या पेन्सिली ठेवायचे पाऊच ती करते, आणि तिच्या आईच्या मजुरीत तिचा स्वतःचा पाऊचही विकत घेणं परवडत नाही. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. शाळेनंतर आणि सुट्टीत मुलांनी कुटुंबाच्या उद्योगात मदत केली तर चालते, अशी सूट त्यात आहे. म्हणजे याला आपण ‘घरगुती उद्योग’ म्हटलं की पोरीचे तासही त्याच शब्दाआड दडले. उद्योग कोणाचा? नफा ज्याचा, त्याचा. मग ही मदत कोणाच्या कुटुंबाला झाली?

दुसऱ्या म्हणतील, सरकार करतंय की. मशीन मिळतं, प्रशिक्षण मिळतं. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाच्या अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे. २०२४ पासून लाडक्या बहिणीला दीड हजार जाहीर झाले. पण मशीन दिलं म्हणजे मजुरी दिली असं होत नाही. उलट गावात मशीनं वाढली, हात वाढले आणि भाव तसाच राहिला, तर लाभ मशीनवालीचा नसतो, गठ्ठे वाटणाऱ्याचा असतो.

कायद्याला हे माहीत नाही असं नाही. १९६६ च्या विडी कायद्यानं घरी विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका शिलाई दुकानाच्या खटल्यात सांगितलं की नगावर मजुरी घेणारे, अधूनमधून कापड घरी नेणारे शिंपीही नोकरच असू शकतात. माल नाकारण्याचा आणि पुन्हा शिवून मागण्याचा हक्क ज्याच्याकडे, त्याचंच कामावर नियंत्रण. आपला व्यापारी नग नाकारून पैसे कापतो, तेव्हा तो दुसरं काय करतो? १९८८ मध्ये इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं ‘श्रमशक्ती’ अहवालात अशाच असंघटित बायकांचं काम सरकारपुढे मांडलं. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरून काम करणाऱ्यांसाठी करार क्रमांक १७७ केला. मशीन कोणाचं, माल कोणाचा, याला त्यात महत्त्व नाही. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात नगावरच्या कामाचा किमान दर ठरवण्याची तरतूद होती, तिची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. तरतूद आहे, पण ती आपल्यासाठी वापरा असं सांगायला कोणी गेलेलं नाही. आपणही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. शिवण शिकवू नका, असं मी म्हणत नाही. भाव न शिकवता शिवण शिकवू नका.

पुढच्या शिबिरात कैचीच्या आधी प्रत्येकीच्या हातात एक वही द्या. एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला खर्च. पहिला पाऊच घड्याळ लावून शिवू द्या. पोरीनं दोरे छाटले तर ती मिनिटंही लिहा. त्यातून जो दर निघेल, त्याच्या खाली कोणत्याही गटानं गठ्ठा घ्यायचा नाही. अमरावतीचा आणि अकोल्याचा दर एकच हवा, आणि तो दोन्हीकडच्या बायकांनी एकत्र बसून ठरवलेला हवा. मध्ये मूर्तिजापूर आहे, तिथे भेटता येईल. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालाची मजुरी आणि वर लेव्ही मालकाला मंडळात भरायला लावली. तसं मंडळ घरखेप कामगार बायकांसाठी का नको, हे दोन्ही जिल्ह्यांच्या कामगार कार्यालयांत जाऊन विचारू या.

आणि तो फलक पुसू या. त्यावर नवं काय लिहायचं, ते या वेळी त्याच बायकांना विचारू.